सहा वाजून सोळा मिनिटांची नोंद

संत निकोलाच्या दिवसाचं बोलावणं कुणाकडून कुणालाच जात नाही. घराण्याच्या संताचा दिवस, दार उघडं. ज्याला त्या घराबद्दल आदर असेल तो आपल्या पायांनी येतो. म्हणून गावात वर्षभर चर्चा होते ती कोण आलं याची नाही, कोण फिरकलं नाही याची.

कोसाराने नेहमीप्रमाणे चाळीस ताटं काढली.

"चाळीस?" रुझाआत्या दारातूनच म्हणाली. ती कोसाराच्या नवऱ्याची, रादिसावची, धाकटी बहीण. दरवर्षी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. "वहिनी, आठ काढ. उरलेली धुवायचा त्रास तरी वाचेल."

"तू आधी कोट काढ. मग तोंड उघड."

"मी आपलं गावात जे बोलतात ते सांगते."

"गावात काय बोलतात ते मला मासळीवाल्याने कधीच सांगितलंय. मासे तोलता तोलता."

मोरीजवळ कोसाराची लेक देसांका कार्प माशांचे खवले काढत होती. आत्याकडे तिने मानही वळवली नाही. चव्वेचाळीस वर्षांची, उंच, बापासारख्या रुंद खांद्यांची. पण ते खांदे आता ओला कोट खुंटीवर टांगावा तसे दिसत होते. एकच मासा ती पाच मिनिटं खरवडत होती. कोसाराने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा ठेवला. अकरा दिवस पोरीला धड झोप नव्हती. पडायची, डोळे उघडे ठेवून छताकडे बघायची आणि उठून बसायची.

अकरा दिवसांपूर्वी देसांकाने किल्ल्या खाली ठेवल्या होत्या.

नदीकाठच्या तुरुंगाला सगळं गाव 'मोठं घर' म्हणतं. या ओस्तोयिच घराण्याच्या तीन पिढ्या त्या मोठ्या घराने खाल्ल्या आणि पोसल्याही. आजोबा स्तोयान तिथल्या पहिल्या मनोऱ्यावर उभे राहिले. रादिसाव तेहतीस वर्षांनी मुख्य रक्षक म्हणून निवृत्त झाला. थोरला मुलगा म्लादेन आता उपअधीक्षक. आणि देसांका तिसऱ्या बराकीची पाळीप्रमुख, त्या जागेवर बसलेली पहिली बाई.

माणसं दोन वर्षं गळतच होती. कुणी जर्मनीत ट्रक चालवायला गेला, कुणी दुकानात लागला, एकाला हृदयविकाराने नेलं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जे उरले त्यांची बारा तासांची पाळी सोळा तासांवर गेली. देसांकाला सव्वीस दिवस सुटी नव्हती. त्या सोमवारी सकाळच्या गिनतीला तिच्या बराकीत ब्याऐंशी बंदी होते. तिने मोजले, एक्याऐंशी भरले. पुन्हा मोजले, त्र्याऐंशी. तिसऱ्यांदा एकोणऐंशी. तेव्हा येफ्तिमिये नावाचा सत्तरीचा बंदी, ज्याने सहा वर्षांत कधी वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, हळूच म्हणाला, "प्रमुखबाई, आमची ओळ राहिली."

देसांकाला पुढचं नीट आठवत होतं. तेवढंच नीट आठवत होतं. दंडा पट्ट्यातून अर्धा बाहेर आला होता आणि तिची मूठ पांढरी पडली होती. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. आपलाच हात तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तिने तो सावकाश खाली आणला, किल्ल्यांचा जुडगा सोडला, सोबतच्या ल्युबिशाकडे दिला आणि रजिस्टर उघडून लिहिलं: 'सहा वाजून सोळा मिनिटं. आज मी किल्ल्या सांभाळायला लायक नाही. भीतीमुळे नाही. थकव्यामुळे. ताबा ल्युबिशाकडे दिला.' खाली सही केली आणि फाटकाबाहेर पडली.

पहारा सोडून जाणं हा गुन्हा. येत्या सोमवारी चौकशी होती.

*

दहा वाजता पाद्री येऊन गेले. मेणबत्ती लागली, सणाची जाड गोल पोळी फिरवून कापली, तिच्यावर वाईन ओतली. म्लादेनने बापासोबत पोळीचा काठ धरला, पण त्याचं सगळं लक्ष कोटाच्या आतल्या खिशातल्या कागदाकडे होतं. पाद्री गेल्यावर त्याने बहिणीला कोठीच्या खोलीत गाठलं. मागोमाग त्याची बायको ब्रांका आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"ताई, फार काही नाही," ब्रांका म्हणाली. ती नणंदेला ताईच म्हणायची. "एक सही. मग आपण सगळे जेवू."

देसांकाने कागद वाचला. 'अचानक रक्तदाब वाढून भोवळ आल्याने...'

"मला भोवळ आली नव्हती."

"आली असती. तुझा चेहरा बघितलास का?" म्लादेन म्हणाला. "डॉक्टर आपला आहे. तीन महिने आजारपणाची रजा मिळेल, पगार चालू राहील, पेन्शनला धक्का नाही. चौकशी सुरू व्हायच्या आधीच बंद."

"आणि रजिस्टरमधलं पान?"

"ते मी बघतो."

"कसं बघतोस, दादा?"

म्लादेनने लोणच्याच्या बरण्यांकडे बघितलं. वसंतात अधीक्षकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती त्याला मिळेल असं सगळे धरून चालले होते. हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्या खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

"रक्तदाब माझा एकटीचा आहे," देसांका म्हणाली. "मी हे लिहिलं की मी एकटी आजारी. तीन महिने मी घरी सूप पिईन, आणि ल्युबिशा सत्ताविसावा दिवस करील, अठ्ठाविसावा करील. नेव्हेना चोवीस वर्षांची आहे, तिच्या हाताला कंप सुटलाय. तो कुणाचा रक्तदाब?"

"सगळ्या जगाचा ठेका तू घेतलायस का?"

"ब्याऐंशी माणसांचा घेतला होता. तेवढाही पेलला नाही."

दार उघडलं. रादिसाव उभा होता. शहात्तर वर्षांचा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेला. संताच्या दिवशी यजमान बसत नाही, दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढतो. पण अजून वाढायला कुणी आलं नव्हतं.

"सही कर," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही एकदा वाचा तरी."

"मला वाचायचं नाही. तेहतीस वर्षांत माझी आजारपणाची एकही रजा नाही. अंगात चाळीस अंश ताप असताना मी मनोऱ्यावर उभा होतो. माझ्या बापाने पुराच्या पाण्यात फाटक धरलं. ओस्तोयिचांनी किल्ल्या कधी खाली ठेवल्या नाहीत! आणि तू रजिस्टरात लिहितेस? लायक नाही म्हणून? आपल्या हाताने?"

त्याचा आवाज बैठकीपर्यंत गेला. तिथे शेजारचं जोडपं आणि म्लादेनचा धर्मपिता एवढेच तिघे बसले होते. तिघांनीही एकदम चमचे खाली ठेवले.

"ठेवल्या नाहीस, खरंय." कोसारा नवऱ्याच्या पाठीमागे येऊन उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. "तू त्या घरी घेऊन यायचास."

"कोसारा, तू मध्ये पडू नकोस."

"त्रेपन्न वर्षं मध्येच आहे मी. आता बाजूला कुठे जाऊ?" ती शांतपणेच बोलत होती. "जेवायला बसलेल्या पोरांना मोजायचास, आठवतं? दोन पोरं. दोन! आणि तीनतीनदा मोजायचास. मी म्हणायचे, बाबा रे, वाढली तर मी सांगीन तुला."

रुझाआत्याला हसू फुटलं. तिने ते हात पुसल्यासारखं करून एप्रनमध्ये दाबलं.

"म्लादेन आठ वर्षांचा होता," कोसारा पुढे म्हणाली. "न विचारता ताटावरून उठला. तू त्याच्या कानाखाली अशी वाजवलीस की दोन दिवस त्याला त्या कानाने ऐकू येत नव्हतं. तेव्हा तू सलग एकवीस दिवस ड्यूटीवर होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलास. वेळेवर. रजा न घेता. तुझी सगळी आजारपणं या घरात झाली, रादिसाव. आम्ही काढली ती."

म्लादेनचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला होता. ते लक्षात येताच त्याने तो खाली घेतला.

"हिचा हात उठला," कोसाराने लेकीकडे बोट केलं, "आणि हिनं तो वाटेत थांबवला. परक्या माणसासाठी. एका कैद्यासाठी. तुझ्या तेहतीस वर्षांना मी कधी नाव ठेवलं नाही. पण त्या सहा सोळाला जे झालं ते तुला जमलं नव्हतं. मला माझ्या पोरीची लाज वाटत नाही. मी चाळीस ताटं काढलीत आणि ती मांडलेलीच राहतील."

रादिसाव काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात ब्रांका बोलली, आणि ती सासूच्या बाजूने बोलेल असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

"म्लादेन रोज घरी येतो, गाडी दारात लावतो आणि आत बसून राहतो," ती म्हणाली. "अर्धा अर्धा तास. दिवे बंद करून. मी पडद्याआडून बघते. आधी मला वाटायचं, फोनवर कुणी बाई असेल. बाई असती तर बरं झालं असतं. तो नुसता बसलेला असतो."

"ब्रांका," म्लादेन म्हणाला.

"काय ब्रांका? खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. म्लादेनने कागदाची घडी घातली, पण खिशात ठेवायचं धैर्य झालं नाही आणि बाहेर ठेवायचंही झालं नाही. तो ती घडी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

रादिसाव वळला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर पातळ बर्फ पडत होतं. बारा वाजले, एक वाजला. मागल्या वर्षी या वेळेला कोट टांगायला खुंट्या पुरल्या नव्हत्या. आज नऊ माणसं होती. म्हातारा दारातून हलला नाही. बायकोने जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही त्याला नवीन नव्हतं. फक्त ते मोठ्याने कधी कुणी बोललं नव्हतं. कानाखाली मारल्यावर त्या रात्री तो पोराच्या खाटेशी जाऊन बसला होता आणि पोर झोपेतही भिंतीकडे सरकलं होतं. हे त्याने कोसारालाही सांगितलेलं नव्हतं.

*

पावणेतीनला वळणावर माणसं दिसली. सात जण, बर्फातून रांगेने चालत येत होते. कोटांच्या खालून गणवेशाच्या निळ्या विजारी दिसत होत्या. पुढे ल्युबिशा होता, टक्कल पडलेला, पन्नाशी ओलांडलेला, एका हातात वाईनची बाटली आणि दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट.

"सणाच्या शुभेच्छा, यजमान!"

"सरळ ड्यूटीवरून आलात?" रादिसावने विचारलं.

"घरी गेलो असतो तर पडलो असतो, साहेब. आणि पडलो असतो तर संत निकोला उद्याच भेटला असता."

सातही जण आत आले. एकेकाने गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला, मेणबत्तीपुढे क्रूसाची खूण केली आणि बसले. रादिसावने स्वतः राकिया, घरची फळांची दारू, ओतली. त्यांचे चेहरे तो जवळून बघत होता. नेव्हेनाने ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी धरला, तरी तो थरथरला. बाजूचा पोरगा भिंतीला टेकला आणि त्याचे डोळे मिटले, मग दचकून उघडले. हे रादिसावला ओळखीचं होतं. हे त्याने तेहतीस वर्षं दाढी करताना आरशात बघितलं होतं.

माशांचं सूप झालं. ल्युबिशाने खिशातून पाकीट काढलं.

"खरं तर हे ऑफिसात द्यायचं. पण उपअधीक्षक साहेब आज इथे, म्हणून घेऊन आलो. यजमानांची हरकत नसेल तर."

"आधी मला दाखव," रादिसाव म्हणाला. त्याने चष्मा लावला आणि उभ्यानेच, मोठ्याने वाचलं.

"'आम्ही खाली सह्या करणारे तिसऱ्या बराकीचे रक्षक. सध्याच्या ड्यूटीत आम्ही किल्ल्या सांभाळायला लायक नाही. भीतीमुळे नाही. थकव्यामुळे. आम्ही कामावर येत राहू. पण खोटी गिनती लिहिणार नाही. आम्हाला आठवड्याची सुटी, पुरेशी माणसं आणि ज्याच्याशी बोलता येईल असा डॉक्टर द्यावा.'" त्याने सह्या मोजल्या. "अकरा."

"बारा माणसांची बराक आहे, साहेब. बारावी तुमच्याच घरी आहे."

"हे कुणी लिहिलं?"

"मधलं तर आम्ही नुसतं उतरवलं. मूळ रजिस्टरात आहे."

स्वयंपाकघराच्या दारात देसांका ताट घेऊन उभी होती. तिच्या पाठीमागे कोसारा.

"तूसुद्धा सही केलीस, ल्युबिशा?" रादिसावचा आवाज खाली आला होता. "तू माझ्या हाताखाली घडलास."

"म्हणूनच केली." ल्युबिशाने डोक्यावरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी तुम्ही काय सांगितलंत ते मला पाठ आहे. बंदी खोटं बोलला तर समजू शकतो, अधीक्षक खोटं बोलला तर सोसावं लागतं, पण रजिस्टर खोटं बोललं तर तुरुंग पडला. मी अठरा वर्षं तेच धरून चाललो. आणि गेली दोन वर्षं रोज लिहितोय, 'सर्व ठीक'. रोज. त्या दिवशी किल्ल्या माझ्या हातात आल्या आणि मी ते पान वाचलं. साहेब, मला लाज वाटली. प्रमुखबाईंची नाही, माझी. त्या रजिस्टरात दोन वर्षांत तेवढी एकच ओळ खरी होती."

रादिसावने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग त्याने खोलीत नजर फिरवली आणि मुलीवर थांबवली. त्याच्या ओठांत काहीतरी होतं, पण ते बाहेर यायची वाट त्याला सापडत नव्हती. त्या पिढीतल्या माणसांना ती कुणी दाखवलेलीच नव्हती.

"ताट जड असेल," तो शेवटी म्हणाला. "आण इकडे." आणि त्याने तिच्या हातातलं ताट घेतलं. संताच्या दिवशी यजमान वाढतो, पण ताटं वाहून आणायची ती घरातल्या बाकीच्यांनी. ते ताट त्याने ल्युबिशापुढे ठेवलं. "खा. मासे माझ्या मुलीने साफ केलेत." जरा थांबून म्हणाला, "प्रमुखबाईंनी."

मग तो म्लादेनकडे वळला. "तो तुझा कागद दे."

म्लादेनने घडी पुढे केली.

"रुझा, हे घे. माशाचे काटे गुंडाळायला होईल."

"चांगला जाड आहे," रुझाआत्या कागद चाचपून म्हणाली. "ठिबकणार नाही."

नेव्हेना हसली. ब्रांकाही हसली. म्लादेनला मात्र हसता येईना. बापाच्या हातातलं ते अकरा सह्यांचं पत्र आता त्याच्यापुढे आलं होतं. ते घेतलं नाही तर ते ऑफिसात पोचणार, तिथून वर, आणि तोवर रजिस्टरचं एखादं पान कुणी 'बघून' घेणार. घेतलं तर त्यावर त्याची सही येणार आणि वसंतातली खुर्ची दुसऱ्या कुणाची होणार. त्याने बहिणीकडे बघितलं. लहानपणी कानाखाली बसल्यावर हीच पाच वर्षांची पोरगी रडत त्याच्या खाटेत शिरली होती आणि त्याच्या ऐकू न येणाऱ्या कानात काहीतरी सांगत बसली होती. काय सांगत होती ते त्याला कधीच कळलं नाही.

त्याने पेन काढलं आणि पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं: 'मिळालं. १९ डिसेंबर, दुपारी तीन वाजून दहा.' सही केली, शिक्का नव्हता म्हणून खाली पूर्ण नाव लिहिलं.

"सोमवारी चौकशीला हे टेबलावर असेल," तो म्हणाला. "रजिस्टरही. जसं आहे तसं. देसांका, काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"नको सांगूस," ती म्हणाली. "एवढं पुरे, दादा."

"नेव्हेना, तुझी संध्याकाळची पाळी आहे ना?"

"हो साहेब. सहाला."

"तू घरी जा. मी उभा राहतो."

"तुम्ही? साहेब, नऊ वर्षं झाली तुम्हाला बराकीत येऊन!"

"मग बघू द्या मला, तुम्ही कशात उभे राहता ते," म्लादेन म्हणाला. ब्रांका उठली आणि काही न बोलता त्याच्या ताटात माशाचा दुसरा तुकडा वाढला.

चारच्या सुमाराला खोली भरली. सात जण ओस्तोयिचांकडे गेल्याची बातमी गावात पोचली होती आणि आपण न जाणारे ठरू नये म्हणून बाकीचेही निघाले होते. कोट, बूट, बाटल्या, गालांचे मुके. कुणीतरी अॅकॉर्डियन आणलं. रादिसाव उभ्या उभ्या वाढत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "अकरा सह्या. आणि मूळ मजकूर आमच्या देसांकाचा." दोघातिघांना त्याने दुसऱ्यांदाही सांगितलं.

मग त्याला ती कुठे दिसेना.

ती मागच्या खोलीत सापडली. तिथे पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग होता. आणखी एक कोट टाकायला ती आली असावी आणि जरा टेकली असावी. आता ती त्या ढिगातच आडवी झाली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत. ती घोरत होती, अगदी हलकं. कुणाचा तरी गणवेशाचा निळा कोट तिच्या पायांवर सरकला होता. रादिसावने तो उचलला आणि खांद्यांपर्यंत ओढला. तिच्या लोंबणाऱ्या हाताची बोटं सैल होती. तो बराच वेळ ती बोटं बघत राहिला.

बैठकीत येऊन त्याने अॅकॉर्डियनवाल्याच्या भात्यावर हात ठेवला.

"आवाज खाली," तो म्हणाला. "सगळ्यांनी."

"का रे? काय झालं?" रुझाआत्या घाबरून म्हणाली.

"देसांका झोपलीय."

एकदम शांतता झाली. मग कुजबुज. चाळीस माणसं कुजबुजत मासे खाऊ लागली, काटे ताटाच्या कडेला अलगद ठेवू लागली, ग्लास न भिडवता उचलू लागली. धर्मपित्याने एक विनोद सांगितला आणि सगळे तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसले. कोसाराने लाकडी फरशीवर चपला वाजतात म्हणून त्या काढून ठेवल्या.

तेवढ्यात अंगणात जड पावलं वाजली आणि दार धाडकन उघडलं. तुरुंगाचे अधीक्षक. फरची टोपी, बर्फाने पांढरे खांदे, आणि तीनशे बंद्यांच्या मैदानावर भोंग्याशिवाय पोचणारा आवाज.

"सणाच्या शुभेच्छा, यज—"

अधीक्षक आत आले की ताठ उभं राहायचं, हे रादिसावच्या पाठीच्या कण्याने तेहतीस वर्षं केलं होतं. आत्ताही तो ताठच उभा होता, इतका ताठ की गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी तसा पाहिला नव्हता. पण त्याने बोट ओठांवर ठेवलं होतं.

"हळू, साहेब," तो म्हणाला. "माझी मुलगी झोपलीय."

अधीक्षकांनी भरलेल्या खोलीकडे बघितलं, ल्युबिशाकडे, म्लादेनकडे, चाळीस गप्प माणसांकडे. कुणीही नजर खाली घातली नाही. मग त्यांनी टोपी काढली, खाली वाकून बूट काढले, आणि मोज्यांनिशी, चवड्यांवर चालत आत आले.